लाल करवंटी

वाऱ्याला विचारल्याशिवाय साहेब कुणालाही उत्तर देत नसत. साधं "चहा सांगू का?" म्हटलं तरी ते आधी खिडकीकडे तोंड करत, डोळे मिटत, येईल ती झुळूक कपाळावर घेत आणि मग म्हणत, "सांगा की." नव्या माणसाला वाटे, यांना कमी ऐकू येतं. त्यानं मोठ्यानं पुन्हा विचारलं की साहेब दचकत आणि त्याच्याकडे असं बघत, जणू झोपलेल्या मुलाशेजारी त्यानं पत्र्याचा डबा पाडला आहे.

इंदापूरला तालुक्याच्या मोठ्या कचेरीमागे आमची दोन खोल्यांची कचेरी होती. दारावर 'अपारंपरिक ऊर्जा' अशी पाटी. गोबर गॅस, बिनधुराच्या चुली आणि क्वचित एखादा सौर दिवा, एवढाच आमचा कारभार. गावोगावचे लोक आम्हाला शेणखातं म्हणत. "शेणखात्यातलं कोन हाय का?" असं विचारत शेतकरी दारात उभे राहत आणि साहेब गंभीरपणे म्हणत, "हाय, हाय. बसा."

मी तिथे लागलो तेव्हा नव्वदनंतरची दोन-तीन वर्षं सरली होती. माझे वडील मेंढरं घेऊन हिंडणारे. मोरगावच्या बाजूला थोडी कोरडवाहू जमीन कसायला लागल्यापासून आमचं घर एका जागी आलं. बारामतीच्या कॉलेजात मी बी. एस्सी. झालो तेव्हा आमच्या घरात पदवीचा कागद धरायचा कसा हेसुद्धा कुणाला माहीत नव्हतं. आईनं तो देव्हाऱ्यात ठेवला होता. नोकरी हंगामी होती, दर सहा महिन्यांनी पुढे चालू राहायची. तरी पहिल्या दिवशी मी इस्त्रीचा शर्ट घालून, नऊच्या आत, कचेरीच्या पायरीवर येऊन बसलो होतो. साहेब वरून, गच्चीतून, म्हणाले, "आलात? वर या. आधी वारा बघू, मग हजेरी."

गच्चीवर एका बांबूच्या टोकाला सायकलच्या चाकाचा आस बसवलेला होता. त्याला आडव्या चार काड्या आणि काड्यांच्या टोकांना नारळाच्या चार अर्ध्या करवंट्या. वारा आला की त्या गरगर फिरत. तीन करवंट्या तशाच तपकिरी होत्या, एक लाल रंगवलेली. घड्याळ लावून एक मिनिट लाल करवंटी किती वेळा समोरून गेली ते मोजायचं आणि वहीत लिहायचं. सकाळी नऊ, दुपारी एक, संध्याकाळी साडेपाच. हे काम साहेबांना कुणी सांगितलेलं नव्हतं. वरच्या कुठल्याही कागदात त्याचा उल्लेख नव्हता. पण आमच्या कचेरीतली सगळ्यात नीट ठेवलेली वही तीच होती.

ती वही वाचायला बसलं की गुंगी येई. "मंद, पश्चिमेकडून, चौदा फेरे." "करवंटीवर चिमणी बसली होती, फेरे खरे नाहीत." "डोळा लागला, नोंद नाही." "पाहुणे आले, विसरलो." दुसऱ्या कुणी असली वही लोकांपासून लपवली असती. साहेब ती टेबलावर उघडी ठेवत.

एकदा एक वाजताची नोंद मी चुकवली आणि सकाळच्या आकड्यात दोन मिळवून टाकले. संध्याकाळी साहेबांनी वही पाहिली. खिडकीकडे तोंड केलं, डोळे मिटले.

"लाल करवंटी बघितली हुती का तुमी?"

"नाही साहेब."

ते रागावले नाहीत. माझ्या आकड्यापुढे त्यांनी फक्त 'अंदाजे' असं लिहिलं. मग म्हणाले, "अंदाज लिहावा. पण अंदाज म्हणून लिहावा. हाताचं कसं असतं, एकदा खोटं लिहिलं की दिवसभर त्याला तीच चव राहती."

साहेब पणदऱ्याचे. त्यांचे वडील नीरेच्या कालव्यावर मजुरी करत. छप्पन सालानंतर वडिलांनी बौद्ध धम्म स्वीकारला आणि घरातलं पहिलं काम म्हणजे या मुलाचं नाव शाळेत घातलं. पण शाळेबाहेरचा सगळा वेळ कालव्यावरच गेल्यामुळे साहेबांना जगातली कुठलीही गोष्ट पाटाच्या पाण्याच्या हिशोबानंच कळे. कालव्याच्या सुरुवातीला हेड, शेवटाला टेल. हेडला दार किती उघडायचं ते ठरतं; टेलला फक्त कळतं की आज पाणी आलं किंवा आलं नाही. "आपन टेलची माणसं," ते म्हणत. "टेलच्या माणसानं दोन गोष्टी शिकाव्या. हेडला काय ठरतंय त्याचा कानोसा घ्यावा, आणि आपली पाळी सोडू नये, दुसऱ्याची घेऊ नये."

कानोसा घेण्यासाठी त्यांच्याकडे एक जुना रेडिओ होता. ब्याण्णव साली रिओला जगातल्या सगळ्या देशांची पृथ्वीबद्दल मोठी परिषद भरली, तेव्हा ते रोज सकाळी रेडिओला कान लावून बसत, असं मला शिपाई सांगे. मी लागल्यावर साहेबांनी एक फाईल माझ्यापुढे ठेवली. तिच्यात गोबर गॅसच्या अनुदानाचे कोरे फॉर्म होते, दर वर्षाचा एक, जुन्यापासून नव्यापर्यंत.

"वाचा."

मी वाचले. सारखेच वाटले.

"नीट बघा. ह्यो जुना फॉर्म. जनावरं किती, पाणी किती लांब, श्रमदान किती करणार. एवढंच. आता ह्यो नवा. लाकूड किती वाचंल? धूर किती कमी हुईल? जुन्यात धूर हाय का कुठं?"

नव्हता.

"मग ह्यो धूर कुठनं आला?"

साहेबांनी पेन्सिल घेतली आणि फॉर्मच्या प्रत्येक ओळीसमोर समासात बारीक अक्षरात लिहायला लागले. जनावरांच्या ओळीपुढे 'गावची'. सातबाऱ्याच्या ओळीपुढे 'मुंबईची'. अनुदानाच्या ओळीपुढे 'दिल्लीची'. आणि धुराच्या ओळीपुढे 'साता समुद्रापलीकडची'.

"तिकडं परिषद झाली. मग दिल्लीत आपल्या खात्याचं मंत्रालय झालं. मग ही ओळ आली. पाणी सुटल्यापासून टेलला पोचायला किती दिवस लागले बघा!" हे ते तक्रार म्हणून सांगत नव्हते. पहिल्यांदा नदीचा उगम पाहणाऱ्या माणसाच्या तोंडावर जे दिसतं, ते त्यांच्या तोंडावर होतं. त्यांच्या भिंतीवर जगाचा एक नकाशा होता आणि त्यावर परक्या शहरांपासून निघून इंदापूरच्या आसपास येऊन टेकणाऱ्या पेन्सिलच्या रेघा होत्या. रिओपासून निघालेली रेघ समुद्र ओलांडून पळसदेवाला येऊन थांबे. नकाशात पळसदेव अर्थातच नव्हतं. साहेबांनी एक ठिपका दिला होता.

एकदा माझे वडील मला भेटायला एस.टी.नं आले. डोक्याला पागोटं, खांद्यावर घोंगडी. मी साहेबांची ओळख करून देताना चाचरलो. मला माझी लाज वाटत होती की वडिलांची, ते आज सांगता येणार नाही. साहेब उठून उभे राहिले.

"या आबा, बसा. एक इचारू का? मेंढरं वाऱ्याकडं तोंड करून बसत्यात का पाठ करून?"

"गार वारा असला की पाठ. पावसाचा असला की आधी नाक वर करत्यात, मंग पाठ," वडील म्हणाले.

"किती आधी?"

"बिडी वढून हुईस्तवर."

साहेबांनी ते वहीत लिहिलं. मग दोघं गच्चीवर जाऊन बसले ते दुपार कलेपर्यंत. खाली मी फॉर्म भरत होतो आणि वरून हसण्याचे आवाज येत होते. जाताना वडील मला म्हणाले, "तुझा साहेब मेंढक्या हाय. त्येच्याजवळ मेंढरं न्हाईत एवढंच." आमच्या घरात यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र नव्हतं.

आता त्या वस्तीची गोष्ट सांगायला हवी. ती मी बरीच वर्षं कुणाला सांगितली नाही.

पळसदेवाजवळ उजनीच्या फुगवट्याच्या काठाला अकरा घरांची एक वस्ती होती. धरणाचं पाणी आलं तेव्हा जुनं गाव खाली राहिलं आणि ही माणसं वर सरकली. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की जुन्या देवळाचं शिखर आधी दिसे, मग हळूहळू खांब. सकाळच्या धुक्यात ते देऊळ पाण्यावर ठेवल्यासारखं वाटे. साहेब तिथे गेले की बराच वेळ काठावर उभे राहत. "हितला वारा वला असतो," एवढंच म्हणत.

वस्तीत सोजरमावशी होत्या. वय साठीचं, डोळे कायम लाल आणि पाणावलेले. वेड्या बाभळीचा काटा, उसाचं पाचट, मिळतील तेवढ्या गोवऱ्या, असलं सगळं चुलीत घालून पाच माणसांचं रांधायचं. हातात फुंकणी आणि तोंडात शिव्या. डोळ्यांच्या डॉक्टरनं त्यांना सांगितलं होतं, चुलीपुढं बसू नका. "मंग काय चुलीला माज्यापुढं बसवू?" असं त्यांनी डॉक्टरला विचारलं म्हणे.

पुढे परदेशी मदतीची एक योजना आली. पाच वस्त्यांत प्रत्येकी एक, सगळ्यांनी मिळून वापरायचा मोठा गोबर गॅस. प्रत्येक वस्तीच्या सगळ्या घरांना गॅस. साहेबांनी या वस्तीचं नाव पाठवलं आणि ते यादीत पाचवं लागलं. सहावी एक वस्ती बारामती तालुक्याच्या कोरड्या अंगाची, राखीव म्हणून खाली थांबलेली. आता पाहणीसाठी पथक येणार होतं. साहेब पुण्याला महिनाभराच्या प्रशिक्षणाला गेले असताना तारखेचं पत्र आलं, आणि वस्तीवर ते सांगायला मी एकटा गेलो.

माझ्या शाळेत तपासणीला अधिकारी यायचे तेव्हा आठ दिवस आधी आम्ही भिंती सारवत असू, मैदानावर चुन्याच्या रेघा मारत असू आणि त्या दिवशी शिकवायचा धडा आधीच पाठ करून ठेवत असू. तपासणी म्हणजे करून दाखवणं, हे माझ्या रक्तात होतं. मी वस्तीला म्हणालो, "खड्डा काढून ठेवा. दोन थर विटांचेही बांधा. पथकाला दिसू दे, आपण किती तयार आहोत."

"पावणं यायच्या आदी चूल पेटलेली बरी," सोजरमावशी म्हणाल्या.

अख्खी वस्ती राबली. रविवारी मीही कुदळ घेतली. तळहाताला फोड आले ते मी गावी जाऊन आईला अभिमानानं दाखवले. पत्राला जोडलेल्या इंग्रजी नियमांची पानं मी वाचली होती, पण बाराव्या कलमापर्यंत पोचलो नव्हतो. कचेरीत पुन्हा रुजू होऊन साहेबांनी ती पानं हातात घेतली, त्या दिवशी सकाळीच पथकाची जीप दारात उभी राहिली.

पथकात मुंबईचे एक अधिकारी होते आणि टोपी घातलेली, वयस्कर, गोड चेहऱ्याची एक परदेशी बाई. वस्तीवर पोचल्यावर बाई आधी देवळाकडे बघतच राहिल्या. पाणी उतरलेलं होतं, शिखरावर बगळा बसला होता. मग त्यांना खड्डा दिसला. गोल, नीट, तळाशी विटांचे दोन थर, कडेला आंब्याच्या डहाळ्या. बाई उकिडव्या बसल्या, विटेला हात लावला आणि हसून विचारलं, हे कधी सुरू केलं?

मी पुढे झालो. आयुष्यात पहिल्यांदा परदेशी माणसाशी इंग्रजीत बोललो. गेल्या महिन्यात, असं मी छाती काढून सांगितलं.

बाईंचं हसू हळूच मावळलं. त्यांनी मुंबईच्या अधिकाऱ्यांकडे पाहिलं. अधिकाऱ्यांनी आमच्या साहेबांना बाजूला घेतलं. मी जवळच होतो.

"अहो, बारावं कलम वाचलं नाही? मंजुरीआधी काम सुरू झालेलं असेल तर वस्ती बाद. जे काम लोक तसंही करणारच होते, त्यासाठी ही परदेशी मदत नाही. मदतीमुळे जास्तीचं काय झालं, ते या बाईंना त्यांच्या देशात दाखवावं लागतं."

मी खड्ड्यापासून दोन पावलं मागे सरलो.

"एक करा," अधिकारी आवाज उतरवून म्हणाले, "हा गुरांच्या पाण्याचा हौद आहे असं लिहून द्या. कागदावर जे येईल ते बाई धरतील."

"व्हय की!" सोजरमावशींनी ऐकलं होतं. "म्हसरं डुंबायचा हौद म्हना साहेब! म्हसरांनाबी कळायचं न्हाय."

सगळे हसले. साहेब हसले नाहीत. ते पाण्याकडे तोंड करून उभे राहिले, डोळे मिटून. वारा अगदी थोडा होता. मला वाटलं, आता ते कधीच वळणार नाहीत. मग वळून म्हणाले, "न्हाय. तसं लिहिता येनार न्हाय."

"एका शब्दाचा तर प्रश्न हाय साहेब," एक म्हातारा म्हणाला.

"आबा, आपल्या खाली सहावी वस्ती थांबलीय. तितंबी धूर हाय. नियमानं पाळी आता तिची झाली. आपन खोटं लिहून पानी वळवलं, तर तिचं शेत कोरडं. मी पाटावर वाढलोय. रातचं दार फिरवनारी माणसं बघितल्यात मी."

"आन् नियम बरुबर हाय म्हनता ह्यो? आमी घाम गाळला म्हनून आमाला शिक्षा?"

"नियम खोटा न्हाय, लांबचा हाय," साहेब म्हणाले. "तिथनं खड्डा दिसतो, फोड दिसत न्हाईत."

कुणीतरी मागून म्हणालं, "आला बघा हरिश्चंद्र!" सोजरमावशी खड्ड्याच्या कडेला बसल्या आणि डहाळ्या काढून ठेवायला लागल्या, एकेक. "पानी आलं तवा आमाला कुनी इचारलं न्हाय," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "आता इचारत्यात, खड्डा कवा काढला."

जीप गेली. वस्ती यादीतून गेली. मदत सहाव्या वस्तीला मिळाली.

त्यानंतर मी वाट पाहत राहिलो. वरून विचारणा येणार हे ठरलेलं होतं: मंजुरीआधी काम सुरू करायची सूचना कुणी दिली? माझे सहा महिने भरत आले होते. अशा शेऱ्यावर हंगामी माणूस राहत नाही. साहेबांना सगळं सांगायचं मी रोज घरून ठरवून निघे. कचेरीत आलो की ते गच्चीवर असत, घड्याळ हातात, ओठ हलताहेत, आणि मोजणाऱ्या माणसाला मध्येच बोलू नये एवढं मला कळत होतं. असं म्हणून मी खाली बसे. आज वाटतं, मोजणं एका मिनिटाचं असायचं.

विचारणा मला आलीच नाही. माझे सहा महिने पुढे चालू झाले. मला वाटलं, प्रकरण मिटलं. थोड्याच दिवसांत साहेबांचं नाव बढतीच्या यादीतून गळालं आणि त्यांची बदली बारामतीला जुन्या कागदांच्या खोलीत झाली. तिला खिडकीही नव्हती. लोक म्हणाले, साहेब हौद म्हणाले असते तर सुटले असते. मीही तसंच मानलं. तसं मानणं सोपं होतं.

जाताना त्यांनी वाऱ्याच्या सगळ्या वह्या माझ्याकडे दिल्या. "नोंद चालू ठेवा. लाल करवंटी बघितल्याशिवाय लिहू नका."

पण वस्ती त्यांनी सोडली नाही. दर रविवारी बारामतीहून एस.टी.नं ते येत. पहिल्या दोन-तीन रविवारी त्यांना कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही. ते खड्ड्याच्या कडेला बसून राहत. मग एका रविवारी त्यांनी पिशवीतून आमचा जुना, साधा, सरकारी फॉर्म काढला आणि सोजरमावशींना एका ओळीवर बोट ठेवून दाखवलं. श्रमदान किती करणार?

"ही ओळ गावची हाय मावशी. ह्या फॉर्मात काढलेला खड्डा चालतो. चालतो काय, लागतोच."

"मंग त्या फॉर्मात का चालला न्हाय?"

"त्यो फॉर्म लांबनं आला हुता. दमला हुता."

मावशी हसल्या. हसताना त्यांनी पदरानं डोळे पुसले, पण ते त्या नेहमीच पुसत. तोच खड्डा, त्याच विटा. एका कागदावर गुन्हा, दुसऱ्या कागदावर हिस्सा. साध्या योजनेत अकरा घरांना पुरेल एवढा गॅस बसत नव्हता. चार घरांपुरता बसला. कुठली चार, ते वस्तीनंच ठरवलं. ज्यांच्या घरात डोळे गेलेत त्यांना आधी.

शेगडी पहिल्यांदा पेटली तो दिवस मला अजून स्वप्नासारखा आठवतो. सकाळची वेळ, पाण्यावर धुकं, देऊळ बुडालेलं. साहेबांनी काडी लावली. निळी ज्योत अशी शांत उभी राहिली, की ती आहे की नाही ते कळेना.

"पेटलं का?" सोजरमावशींनी विचारलं.

"पेटलंय की."

"धूर कुठाय?"

आणि त्यांनी सवयीनं फुंकणी उचलली, जोरात फुंकर घातली आणि ज्योत विझवली. अख्खी वस्ती हसत सुटली. मावशींनी फुंकणी दारातून बाहेर भिरकावली. थोड्या वेळानं जाऊन परत आणली. "ऱ्हाऊ दे," म्हणाल्या, "कुत्र्याला हाकलायला हुईल."

सत्त्याण्णव सालच्या अखेरीस जपानात क्योटोला पुन्हा सगळे देश जमले होते. साहेब रविवारी वस्तीवर आले ते रेडिओवरची बातमी घेऊन. श्रीमंत देशांनी आपला धूर कमी करायचा. तो दुसऱ्या देशात कमी करवला तरी धरला जाईल, असं काहीतरी ठरत होतं. साहेब मावशींना ते समजावून सांगत होते.

"म्हंजी मावशी, तुमच्या चुलीतनं जो धूर आता निघत न्हाय, तो तिकडं कुनीतरी मोजनार."

"निघतच न्हाय तो मोजनार कसा?"

"तीच तर गंमत हाय."

मावशी विचार करत राहिल्या. त्यांचे डोळे आता तेवढे लाल नसत. "मंग त्येस्नी म्हनावं, माज्या डोळ्यास्नी इचारा. त्येस्नी म्हाईत हाय, किती निघाला न्हाय त्यो."

साहेबांनी खिशातून कागद काढून ते वाक्य लिहून घेतलं. त्यांच्या नकाशावर त्या आठवड्यात क्योटोपासून एक रेघ निघाली असणार. मी ती पाहिली नाही, पण कुठे टेकली असेल ते मला ठाऊक आहे.

दशक संपता संपता आमची कचेरी नव्या इमारतीत गेली. जुन्या फायली बांधताना त्या योजनेची फाईल माझ्या हातात आली. मी ती बांधली असती. पण वर साहेबांचं अक्षर दिसलं. विचारणा होती: मंजुरीपूर्वी काम सुरू करण्याची सूचना कोणी दिली? खाली साहेबांचं उत्तर, एकाच ओळीचं.

"लाभार्थ्यांना खड्डा काढण्याची सूचना मी स्वतः दिली."

खाली सही आणि तारीख. त्या दिवशी मी त्यांच्यापासून दहा हातांवर बसलेलो होतो.

मी घरी गेलो आणि वाऱ्याच्या वह्यांची पेटी उघडली. इतकी वर्षं मी पुढची पानं भरत होतो, मागची कधी उलटली नव्हती. ती तारीख काढली. सकाळ, दुपार, संध्याकाळ, तिन्ही रकाने कोरे. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं:

"आज एक वाक्य खोटं लिहिलं. त्याच हातानं वाऱ्याची नोंद घेऊ नये."

वस्तीसाठी जो माणूस 'हौद' हा शब्द लिहायला तयार झाला नाही, त्यानं हे वाक्य लिहिलं होतं. त्या खोट्यानं सहाव्या वस्तीची पाळी गेली असती. या खोट्यानं कुणाचं शेत कोरडं राहिलं नाही, एक त्यांचं सोडून. एवढा हिशोब कळायला मला ती वही मांडीवर घेऊन दुपारभर बसावं लागलं.

रविवारी मी वही घेऊन पणदऱ्याला गेलो. साहेबांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली होती. घराच्या चहूबाजूंनी ऊस, आणि माळवदावर बांबू, बांबूवर चार करवंट्या. साहेब खाली खाटेवर बसले होते. केस पांढरे झाले होते, बाकी तेच.

मी वही उघडून पुढे धरली. ते पान मी येताना एस.टी.तच पूर्ण केलं होतं. त्यांच्या ओळीखाली, हलणाऱ्या गाडीत, वाकड्या अक्षरात मी लिहिलं होतं: "खड्डा काढायला मी सांगितलं होतं. साहेब त्या दिवशी पुण्यात होते." आणि खाली माझी सही.

त्यांनी चष्मा लावून वाचलं. मग पान तसंच मांडीवर ठेवून उसाकडे तोंड केलं आणि डोळे मिटले. ऊस हलत होता. वर करवंट्या फिरत होत्या. त्यांचा तो हलका खुळखुळ आवाज मला खालपर्यंत ऐकू येत होता. आता घाई नव्हती.

"पेन्सिल हाय का?" त्यांनी विचारलं.

मी दिली. त्यांनी वही जवळ ओढली आणि माझ्या ओळीसमोर, समासात, पूर्वी फॉर्मवर लिहीत तसंच बारीक अक्षरात एक शब्द लिहिला.

'गावची.'

मग घड्याळात बघत उठले. "एक वाजायला आला," म्हणाले. "चला वर. आज लाल करवंटी तुमी मोजा."